नऊशे दहा ग्रॅम

माझ्या हुद्द्यात चावी आहे, हातात नाही.
बिडाचे स्लीपर होते तेव्हा होती,
लोखंडी पाचर, ठोकून बसवायची,
दोन मालगाड्या गेल्या की पुन्हा सैल.
मग सिमेंटचे आले, चाव्या भंगारात गेल्या
आणि मी चावीवालाच राहिलो,
जशी आमच्या गावात बोडी बुजून घरं झाली
तरी त्या मोहल्ल्याला बोडीवरचेच म्हणतात.

आता क्लिप.
अंगठ्याएवढ्या जाड सळईची,
थंडीत झोपलेल्या पोरासारखी
पाय पोटाशी घेतलेली.
एका स्लीपरला चार.
सिंदेवाहीहून आलेवाहीच्या रानात शिरेपर्यंत
माझ्या वाट्याला किती येतात
ते मोजणं मी पहिल्याच हिवाळ्यात सोडलं.

मोजतो निहाल.
वाढयांचा पोरगा, नागपूरला इंजिनिअरिंग करून
गेल्या दिवाळीपासून माझ्यामागे ग्रीसचा डबा घेऊन चालतो.
म्हणतो, काका, एकेक क्लिप जवळजवळ टनभर जोरानं दाबते.
दाबते खरी, म्हटलं, पण अडून बसत नाही.
गाडी आली की रूळ केसभर खाली जातो,
ही त्याच्यासोबत जाते.
गाडी गेली की त्याच्यासोबत वर येते.
पाचरीला तेवढं जमलं नाही कधी.
यालाच इलॅस्टिक म्हणतात, तो म्हणाला.
म्हणत असतील बापा.

हातोडी टेकवायची, हाणायची नाही.
चांगली क्लिप टण् बोलते.
थकलेली बद्द.
गंजलेली बोलतच नाही,
लायनरला दात रोवून बसते,
तिला काढायला घाम, घासायला घाम,
काळं ग्रीस लावून परत घालायला
निहालचे आणि माझे मिळून चार हात.
मे महिन्यात रूळ चपात्या भाजतील असा तापतो,
त्याला लांब व्हायचं असतं,
आणि ह्या एवढ्या एवढ्या
त्याला हळूच सांगत असतात, इथेच राहा.

रानात पट्टेवाला आमच्याआधी रूळ ओलांडून गेलेला असतो.
गिट्टीत पाऊल उमटत नाही,
ना त्याचं, ना माझं.
फक्त वास येतो. मग आम्ही दोघं
उगाच मोठ्यानं बोलतो, बहुतेक पगाराबद्दल.

सोमवारच्या बाजारात लाडूबाई नान्हे मरळ तोलत होती.
एका पारड्यात मासा,
दुसऱ्यात पाय पोटाशी घेतलेली ती.
मी ओळखली. टाचेशी माझ्याच छिन्नीची खाच,
फाटकाजवळच्या वळणावर बदललेली,
ढिगातून कधी निसटली कोण जाणे.
निहाल कानाशी लागला,
काका, ही नऊशे दहा ग्रॅम भरते, बाई किलो म्हणून देते!
लाडूबाईनं ऐकलं.
"काय पाहता जी? सरकारी लोखंड हाय.
खोटं कायले बोलन?"

नियमानं मी ती जप्त करायला हवी होती.
उचलली. तराजूच्या दांडीवर टेकवली.
बद्द.
एवढी वर्षं दाबून धरल्यावर
तिच्याजवळ आता नुसतं वजन होतं,
तेही नव्वद ग्रॅम कमी.
मार्चअखेर मीही हातोडी आणि दोन्ही झेंड्या
ऑफिसात जमा करणार आहे.

परत पारड्यात ठेवली.
एक किलो दे, म्हटलं. हिच्यानंच तोल.

फाटक लागलेलं होतं.
कोळशाची गाडी जात होती, संपता संपत नव्हती,
आणि निहाल, वर्षाला बाजार किती, किलो किती,
लाडूबाईचा सारा हिशोब मांडत होता.
चूप, म्हटलं.
गार्डाच्या डब्याच्या जरा आधी, डाव्या रुळावर,
काहीतरी खुळखुळलं.
ऐकलं?
त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली,
मान तिरकी केली,
आणि पहिल्यांदाच
आकडा सांगितला नाही.